पतसंस्थेच्या संचालकांना १० वर्षांची मर्यादा असावी का, आणि ती मागणी आमदारांकडे न्यावी का?

कऱ्हाडकाठ (धागालेखक):
नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना सलग किती वर्षे पदावर राहता येईल, याला बँकिंग नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने ८ वर्षांची मर्यादा घातली. सहकारात समितीची मुदत ५ वर्षांची असल्यामुळे ८ वर्षांचा हिशेब कोठेच बसत नव्हता, म्हणून २०२५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १० वर्षे, म्हणजे दोन पूर्ण मुदतींइतकी केली, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती लागूही झाली. पतसंस्थांना यातील काहीच लागू नाही. कायद्याच्या दृष्टीने पतसंस्था ही बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदली जाते, आणि सहकारी संस्था हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे तेथे अशी मर्यादा आणायची असेल, तर रिझर्व्ह बँकेकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही, विधिमंडळाचेच दार ठोठवावे लागेल.

ही मागणी पतसंस्थेत अधिक निकडीची आहे, असे माझे मत आहे. सहकारी बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते विमासंरक्षण मिळत नाही. तेथे ठेवीदाराची भिस्त संचालकांच्या सचोटीवर आणि शहाणपणावर असते, आणि तीच माणसे वीस-वीस वर्षे कर्जे मंजूर करत राहिली, की जुन्या कर्जाला नवे कर्ज देऊन थकबाकी झाकण्याची सवय संस्थेच्या अंगवळणी पडते. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, की यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी तसा ठराव मांडावा आणि त्याची प्रत जोडून, हिवाळी अधिवेशनापूर्वी, आपापल्या आमदारांना निवेदन द्यावे.

माजी संचालक:
विषय महत्त्वाचा आहे, पण उपाय वरवरचा वाटतो. तालुक्याच्या गावात कर्जदाराची ऐपत ताळेबंदावरून कळत नाही. त्याच्या शेतावर किती बोजा आहे, भावाशी वाटणीचा वाद कोठे अडला आहे आणि मागच्या हंगामात त्याने कोणाची देणी बुडवली, हे ज्याला ठाऊक असते तोच संचालक संस्थेला वाचवतो. असे ठाऊक असायला वर्षे जावी लागतात. त्यांना मुदत संपली म्हणून घरी पाठवायचे आणि त्यांच्या जागी कोण बसणार? बहुतेक ठिकाणी त्यांची पत्नी किंवा चिरंजीवच बसतील, आणि सभेच्या आदल्या रात्री निर्णय पूर्वीच्याच ओसरीवर होतील.

आमदारांचे म्हणाल, तर अनेक तालुक्यांत पतसंस्थेचे संस्थापक, त्यांचे बंधू किंवा त्यांचे निवडणूक प्रमुख हेच आमदार किंवा आमदारांचे निकटवर्तीय असतात. त्यांच्याकडे मर्यादेची मागणी नेणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे आहे.

एडिसनवासी:
मी अमेरिकेत एका क्रेडिट युनियनचा, म्हणजे आपल्या पतसंस्थेसारख्या सभासदांच्या संस्थेचा, सभासद आहे, म्हणून येथील एक प्रसंग सांगतो. २५ फेब्रुवारी १९९८ रोजी येथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की एका क्रेडिट युनियनमध्ये परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक कंपन्यांचे कर्मचारी एकत्र घेता येणार नाहीत. बँकांनी तो खटला जिंकला होता आणि लक्षावधी सभासदांचे सभासदत्व प्रश्नांकित झाले होते. सभासदांनी आपापल्या मतदारसंघातील प्रतिनिधींना पत्रे लिहिली, दूरध्वनी केले, त्यांच्या कार्यालयांत जाऊन बसले, आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सभासदत्वाची व्याप्ती पूर्ववत करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. जेमतेम साडेपाच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर संसदेने कायद्याने मात केली. सामान्य सभासदाने आमदाराकडे जाऊन काय होणार, असे जे वर सुचवले गेले आहे त्याला हे उत्तर आहे.

नेतृत्वबदलाविषयी मात्र माझे मत धागालेखकांपेक्षा वेगळे आहे. येथील संघीय कायद्यात संचालकांच्या वर्षांवर मर्यादा नाही. उलट तो कायदा मोबदल्यावर बोट ठेवतो: मंडळातील फार तर एका पदाधिकाऱ्याला मानधन देता येते, बाकीचे विनामूल्य काम करतात, आणि मतदानात मुखत्यारपत्र चालत नाही. खुर्चीपासून मिळणारा लाभच कमी केला, की तिला चिकटून राहण्याचे कारण उरत नाही.

निवृत्त लेखापरीक्षक:
एडिसनवासी यांनी दिलेला दाखला खरा आहे, पण तो येथे लागू पडत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील सभासद, संचालक आणि त्यांच्या पगारी संघटना यांना एकच गोष्ट हवी होती. पत्रांचे नमुने, प्रतिनिधींचे पत्ते, दौऱ्यांचा खर्च हे सारे संघटनांनीच पुरवले. येथे सभासदांनी जे मागायचे ते संचालकांना नको आहे. पतसंस्थांचे महासंघ आमदारांना वरचेवर भेटतात, पण ते संस्थांनी भरायचे अंशदान, वसुलीचे दाखले आणि थकबाकी वसुलीच्या कलम १०१ च्या प्रकरणांतील विलंब यांसाठी. आपल्याच मुदतीवर गदा आणा, असे कोणता महासंघ मागेल?

विनामूल्य कामाविषयीही एक शब्द. आपल्याकडे पतसंस्थेचा संचालक बैठकभत्त्यासाठी निवडणूक लढवत नाही. कर्ज कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार हाच खरा लाभ आहे, आणि तो कोणत्याही मानधनाच्या रकान्यात दिसत नाही.

आता सभेच्या ठरावाकडे वळतो. मी लेखापरीक्षणानिमित्त कितीतरी सभांचे इतिवृत्त वाचले आहे. सभेची वेळ सकाळी ११ ची, गणसंख्या अपुरी, म्हणून सभा तहकूब, आणि उपविधीप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू. या दुसऱ्या सभेला गणसंख्येची अट नसते. मग पहिल्या दोन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो, तेरा विषय वीस मिनिटांत संपतात आणि चहा येतो. अशा सभेत आयत्या वेळच्या विषयात आपला ठराव इतिवृत्तावर चढेल, अशी अपेक्षा बाळगू नये.

पिग्मीवाला:
रोज शंभर-दोनशे रुपये भरणारा दुकानदार अनेकदा नाममात्र सभासद असतो, त्याला मत नसते. ज्याचा पैसा सर्वांत उघडा आहे, तो या चर्चेत कोठेच नाही. आणि आमच्यासारख्या एजंटांनी निवेदनावर सही करावी असे कोणाला वाटत असेल, तर आमचे कमिशन कोण ठरवते हे आधी विचारावे.

कऱ्हाडकाठ:
घरातीलच माणूस पुढे करण्याचा आक्षेप योग्य आहे, पण त्यावर कायद्यात मार्ग आहे. समिती सदस्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचे विवरण वार्षिक सभेपुढे ठेवण्याचे बंधन कलम ७५ मध्ये आहेच. म्हणजे सहकार कायद्याला ‘कुटुंब’ अपरिचित नाही. जो निकष कर्जाच्या विवरणाला, तोच मुदतीच्या मर्यादेलाही लावता येईल. अनुभवी संचालकाला कायमचे घालवा, असे मी म्हणत नाही. एका मुदतीचा खंड घेऊन तो पुन्हा उभा राहू शकतो, आणि दरम्यान त्याने मंजूर केलेली कर्जे दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून जातात, हा खरा हेतू आहे.

आमदारच संस्थापक असल्याचा मुद्दा मला अधिक अडचणीचा वाटतो. त्यावर उपाय म्हणून मागणीची पहिली पायरी बदलावी, असे सुचवतो. थेट दुरुस्ती न मागता तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, मागावा: राज्यातील किती पतसंस्थांत तेच संचालक सलग १० वर्षांहून अधिक काळ आहेत, आणि कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी निश्चित झालेल्या पतसंस्थांपैकी किती या यादीत येतात, याची जिल्हानिहाय माहिती. असा प्रश्न कोणत्याही मतदारसंघातील आमदार सभागृहात विचारू शकतो, तो आपल्याच तालुक्यातील असण्याची गरज नाही. ठरावाबाबत लेखापरीक्षक म्हणतात ते मान्य आहे. आयत्या वेळचा विषय नको, सभेची नोटीस निघण्यापूर्वीच लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. पोच असेल, तर ठराव विषयपत्रिकेवर का घेतला नाही याची तक्रार उपनिबंधकांकडे करता येते.

माजी संचालक:
तारांकित प्रश्नाला माझी हरकत नाही, किंबहुना आकडे समोर आले तर बरेच होईल. मात्र त्यात आणखी एक रकाना मागावा: ज्या पतसंस्थांत गेल्या १० वर्षांत संपूर्ण मंडळ बदलले, त्यांपैकी किती संस्थांवर प्रशासक नेमावा लागला. माझा अंदाज असा आहे, की तो आकडाही लहान नसेल, कारण नवे मंडळ अनेकदा जुन्या मंडळाच्या कर्जदारांची वसुली थांबवण्यासाठीच निवडून आणले जाते. दोन्ही रकाने शेजारी शेजारी आल्याशिवाय मर्यादेच्या बाजूने मी सही करणार नाही.

निवृत्त लेखापरीक्षक:
दोन्ही रकान्यांसह मसुदा तयार करून येथे ठेवतो. पतसंस्थेचे ठेवीनुसार गट पाडून माहिती मागितली आहे, नाहीतर ५० लाखांची आणि ५०० कोटींची संस्था एकाच ओळीत मोजली जाईल.