‘धाय मात गोद लेत’ : येथे ‘धाय’ म्हणजे दाई नव्हे

प्रश्न : ग्वाल्हेरला लश्कर भागातील आमच्या भजनी मंडळात रामनवमीला पाळणा झाल्यावर ‘ठुमक चलत रामचंद्र’ हे पद म्हणतात. त्यातील ‘धाय मात गोद लेत’ याचा अर्थ ‘दाई आणि माता मांडीवर घेतात’ असा सांगितला जातो. तो बरोबर आहे का?

उत्तर : मीही लहानपणी हेच शिकलो, आत्याच्या भजनांच्या वहीत ‘धाय’वर पेन्सिलीने लिहिलेले ‘दाई’ आजही दिसते. ‘धात्री’वरून आलेला ‘धाय’ हा दाईवाचक शब्द हिंदीत आहेच, त्यामुळे ही चूक सहज होते. परंतु त्याआधीचे शब्द ‘किलकि किलकि उठत धाय, गिरत भूमि लटपटाय’ असे आहेत आणि तेथे दाईचा काहीच संबंध नाही : रामबाळ खिदळत उठून धावतो आणि तोल जाऊन पडतो. लगेच त्याच शब्दाने मातांचे धावणे सांगितले आहे, आणि धावत येऊन त्याला उचलून घेणाऱ्या त्या माता म्हणजे ‘दशरथ की रनियां’. बाळ ज्या ओढीने धावले त्याच ओढीने आयाही धावल्या, ही या पदातली सर्वांत गोड जागा ‘दाई’ म्हटल्याने हातची जाते.

तुलसीदासांची नाममुद्रा असलेल्या या पदात ‘झारि’, ‘दुलारि’, ‘वारि’ हीसुद्धा त्याच जातीची रूपे आहेत. आपण जेथे ‘-ऊन’ लावतो, आणि जुनी मराठी ‘धावोनि’, ‘झाडोनि’ म्हणते, तेथे ही रूपे येतात. म्हणून ‘झारि’ म्हणजे अंगावरची धूळ झाडून, ‘दुलारि’ म्हणजे लाड करून. ‘वारि’शी मात्र संस्कृत शिकलेला मराठी माणूस हमखास अडखळतो, कारण त्याला तेथे पाणी दिसते. ‘वारना’ म्हणजे ओवाळून टाकणे. आपण मुलावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकतो; या राण्या तन, मन, धन ओवाळून टाकत आहेत.

प्रश्न : मग ‘लटपटाय’ म्हणजे आपले पाय लटपटणे का?

उत्तर : शब्द तोच, पण मराठीत पाय बहुधा भीतीने किंवा अशक्तपणाने लटपटतात, आणि येथे नुकते चालू लागलेले मूल आहे, म्हणून ‘अडखळून’ हा अर्थ घ्यावा. गाताना ‘धाय’नंतर किंचित थांबून मग ‘मात’ म्हणावे. दोन्ही शब्द जोडून म्हटले की कानाला तो समास वाटतो आणि दाई पुन्हा आत येते.