ओहायो स्टेट, हंगाम 2024: दोनदा हरूनही विजेतेपद कसे?

भुसावळकर: ओहायोत शिकणारा माझा भाचा तेथील महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलविषयी फोनवर भरभरून बोलतो. ओहायो स्टेटचा संघ त्या हंगामात ऑरेगनकडून 32-31 आणि मिशिगनकडून 13-10 असा हरला, तरीही राष्ट्रीय विजेता ठरला, हे कसे?

धुळेकर: पूर्वी बाद फेरीसाठी चारच संघ निवडले जात. 2024 च्या हंगामापासून ही संख्या बारा झाली, त्यामुळे दोन पराभव पदरी असलेल्या या संघालाही आठवे मानांकन मिळाले. पुढे त्यांनी टेनेसीला 42-17, अव्वल मानांकित ऑरेगनला 41-21 आणि टेक्सासला 28-14 असे हरवून 20 जानेवारी 2025 रोजी अटलांटात नोटर डेमवर 34-23 अशी मात केली. ऑरेगनची परतफेड तर अगदी व्याजासकट झाली!

चोपडेकर: धुळेकरांनी महत्त्वाची गोष्ट वगळली. मिशिगनविरुद्धचा तो पराभव स्वतःच्याच मैदानावर झाला होता आणि तो सलग चौथा होता, त्यामुळे प्रशिक्षक रायन डे यांच्यावर चाहत्यांचा रोष ओढवला. माझ्या मते जुनी चार संघांची पद्धत असती, तर त्यांचा हंगाम तेथेच आटोपला असता.

भुसावळकर: उभयतांचा आभारी आहे. मिशिगनचे नाव भाच्याने आजवर एकदाही काढले नव्हते. रविवारी फोन आला की मीच काढतो.