आधी गॅस्केट बघा
चावीच्या जुन्या ग्रामोफोनचा आवाज खरखरतो म्हणून तुम्ही अख्खा साउंडबॉक्स (सुई जिथे बसते तो, आवाज काढणारा गोल भाग) शोधताय, पण जरा थांबा. बहुतेक वेळा दोष आतल्या रबरी गॅस्केटचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या चकतीची कड धरणाऱ्या रबरी कड्याचा असतो. वर्षानुवर्षांत ते दगडासारखं कडक होतं आणि अभ्रकाची चकती मोकळेपणी थरथरत नाही. मऊ, बारीक रबरी नळी मापाने कापून बसवली की जुनाच साउंडबॉक्स छान वाजतो. चकतीला चीर नसेल तर ती जपाच, खरं अभ्रक ते खरं अभ्रक!

ग्रामोफोन फिरवणारी, चावीने गुंडाळली जाणारी स्प्रिंग मागवताना मात्र नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. पट्टीची रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाला भोक आहे की आकडा, हे मोजून घ्या. (स्प्रिंगचा डबा उघडण्याआधी चावीने दिलेला ताण पूर्ण उतरवा आणि जाड हातमोजे घाला, ती पट्टी बोटं फाडते.)