टाक्या मधोमध, पण कोणत्या गाडीत?
‘रेल्वेने ज्वालाग्राही माल नेताना त्याच्या टाक्या मालगाडीच्या मधोमध लावल्या की कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न मिटला’ हे मत मला अर्धेच पटते. अमेरिकेत गाडी पुरेशी लांब असल्यास अशी टाकी इंजिनापासून सहाव्या वाघिणीच्या (मालडब्याच्या) अलीकडे लावता येत नाही, पण तो नियम मिश्र मालगाड्यांना सोयीचा आहे. आपल्या भुसावळच्या फलाटावरून दिसणारी तेलगाडी बहुधा सबंध टाक्यांचीच असते, त्यामुळे इंजिनामागे आणि ब्रेकव्हॅनपुढे (गार्डच्या शेवटच्या डब्यापुढे) जोडलेली साधी वाघीण हेच काय ते कर्मचाऱ्यांपासूनचे अंतर. परतीच्या ‘रिकाम्या’ टाक्यांनाही ते हवेच, कारण आत उरलेली पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो.