डिटरन्सला मराठीत काय म्हणावं: धाक, वचक की जरब?

सोंगटी
आम्ही चौघं दर रविवारी दादरला एका मित्राकडे पटावरचे युद्धखेळ खेळायला जमतो. सध्या स्वतःचाच एक बनवतोय, पूर्ण मराठीत. नाव 'लुटुपुटूची लढाई', नियम सोबत जोडलेत; त्यात रसद, कुमक, मोर्चा, पंच असे शब्द आहेत. साल २०६०, पट हिंदी महासागराचा. माणसांशिवाय चालणाऱ्या नौका, ड्रोनचे थवे सगळं आहे, पण भूगोलाला हात लावलेला नाही. सिंगापूरजवळची फिलिप्स खाडी तेव्हाही पावणेतीन किलोमीटरच रुंद असणार आणि तेलाची जहाजं तिथूनच रांगेने जाणार. एवढा लगाम नसला तर नुसते जादूचे प्रयोग होतात.

अडलंय खेळातल्या एका पत्त्यावर. डिटरन्सला, म्हणजे भीतीने शत्रूला हल्ल्याआधीच थांबवण्याला, मी 'धाक' लिहिलं. मित्राचे वडील नौदलातून निवृत्त झालेत. त्यांनी पत्ता हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, धाक घरातल्या पोरांना असतो. शत्रूवर वचक असतो." 'प्रतिरोधन' कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही. काय लिहू?

शब्दवेडी
वाक्यात घालून बघा. धाक आपण दाखवतो, घालतो. वचक बसतो, आणि तोही समोरच्यावर. समोरचा घाबरला नाही तरी तुम्ही धाक घातलेला असतोच. वचक मात्र बसला तरच आहे, नाहीतर नाही. म्हणून वचक तुमच्या हातातल्या पत्त्यावर छापताच येणार नाही, तो समोरच्याच्या मनात असतो. जरब आणखी वेगळी, ती आवाजात किंवा नजरेत असते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाव. जुन्या नाण्यांवर टांकसाळीच्या नावाआधी 'जर्ब' असतं, तेच हे.

सोंगटी
तुमचं वाचून नियमच बदलावा लागला. आतापर्यंत पत्ता टाकला की दोन गुण मिळायचे. आता पत्ता पालथा ठेवायचा, आणि समोरच्याने चाल मागे घेतली तरच गुण. काल खेळून पाहिलं. एकाने रिकामा पत्ता ठेवला आणि समोरच्याचं आख्खं आरमार दोन फेऱ्या येमेनच्या एडन बंदराबाहेर थांबलं.

भाषाव्रती
शिवरायांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, करवून घेतला तो फारसीचा पगडा उतरवण्यासाठीच. तुमच्या पटावर रसद, कुमक, फौज असं सगळं उसनं दिसतंय. कौटिल्याचे सहा गुण, म्हणजे दुसऱ्या राज्याशी वागण्याचे सहा मार्ग, हाताशी आहेत: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव. सत्तेचं राजकारण यापेक्षा नेमकं कोणी मांडलंय? बळ राखून जागेवर थांबणं म्हणजे आसन. तोच शब्द घ्या.

गिरगावकर
आसन म्हटलं की आज योगासनंच डोळ्यांसमोर येतात. शिवाय आसन म्हणजे आपण थांबणं, इथे दुसऱ्याला थांबवायचंय. आणि रसद कशी काढाल? १७६१ साली पानिपतावर रसद तुटली आणि माणसं उपाशीपोटी लढायला उतरली. तिथे 'पुरवठा' लिहून बघा, ती भूक वाक्यातून निघून जाते. कुमक तुर्की आहे, तोफही तुर्की आहे. दोन्ही आपल्याच आहेत.

काळजी 'मोर्चा'ची करा. जुना अर्थ तोफांमागची आडोशाची जागा, मोर्चेबांधणीत तो अजून टिकलाय. पण आमचं बालपण लालबागला गेलं, घरात गिरणीकामगार. १९८२ च्या संपानंतर मोर्चा म्हणजे माणसं, घोषणा आणि दुपारचं ऊन. माझ्या डोक्यातून ते चित्र जात नाही.

भाषाव्रती
उसनं आपलं झालं असं म्हणत गेलो, तर शंभर वर्षांनी आपलं काय उरणार? मला याचं खरंच दुःख होतं.

दर्यावर्दी
नियमांत 'पंच' आहे, त्यावर बोलायचंय. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेची तालीम यामातो या युद्धनौकेवर पटावर केली. फासे पडले, पंचाने अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले असा निकाल दिला. आकागी आणि कागा या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. ॲडमिरल उगाकींनी नऊचे तीन केले, आकागी वाचवली. पुढच्या डावात बुडालेली कागाही पटावर परत आली. जूनमध्ये समुद्रात दोन्ही खरोखर बुडाल्या. पंच लिहाल तर त्याचा शब्द शेवटचा, हे नियमात ठळक छापा. यंत्रं २०६० ची असोत, खोलीत वरिष्ठ बसलेला असतोच.

शब्दवेडी
मग त्या पंचावर होता तो वचक की धाक?

गिरगावकर
दबाव. पण पंच हा शब्दच इथे खटकतो. पंच म्हणजे पाच जण, एकट्याला पंच कसं म्हणायचं?

दर्यावर्दी
शिवाजी पार्कवर एकट्यालाच म्हणतात.

भाषाव्रती
खेळाच्या नावात 'लुटुपुटूची लढाई' दिसतंय. आमच्या घरी लुटुपुटीची म्हणत.

गिरगावकर
लुटुपुटूचीच बरोबर. आजी तसंच म्हणायची, आणि ती राजापूरची.