‘वर्ण’ या रकान्यात काय लिहिलेत? : अनुभव

स्थळांसाठीच्या बायोडाट्यात ‘वर्ण’ हा रकाना अजूनही असतो आणि त्यात ‘सावळा’ लिहिण्याऐवजी ‘निमगोरा’ किंवा ‘गव्हाळ’ लिहिण्याची आपली जुनी खोड आहे. १९९६ साली माझ्या बायोडाट्यात वडिलांनी ‘निमगोरी’ असे लिहिले, तेव्हा आपण खोटे लिहितो आहोत असे त्यांना वाटले नाही आणि मलाही वाटले नाही, इतके ते अंगवळणी पडलेले होते. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ची ट्यूब आमच्या घरच्या वाणसामानाच्या यादीत चहा-साखरेच्या ओळीत असे. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द गेला, त्याच सुमारास एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. बायोडाट्यातला रकाना मात्र जिथल्या तिथे आहे. जाहिराती, मालिका आणि रील्स यांच्यामुळे स्वतःच्या रूपाबद्दल तुम्हाला काय वाटू लागले आणि कुठे तुम्ही नकार दिलात, ते लिहावे. उपदेश नको, घडलेले हवे.

औषध दुकानदार, सोलापूर

माझे दुकान बावीस वर्षांचे आहे. रिकामी ट्यूब पुढे करून ‘हीच द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक मी रोज पाहतो. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. वांगाच्या डागांवर डॉक्टरांनी थोड्या आठवड्यांसाठी सांगितलेले हे औषध लोक गोरेपणाचे क्रीम समजून वर्षानुवर्षे लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, गाल लाल दिसू लागतात, मुरमे आणि लव वाढते, उन्हात आग होते, आणि थांबवले की सगळे अधिकच उफाळून येते म्हणून माणूस पुन्हा ट्यूब घ्यायला येतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

इथे एक कबुली दिली पाहिजे. त्यानंतरही ओळखीच्या गिऱ्हाइकांना मी चिठ्ठी न मागता ट्यूब देत होतो. अकरावीतल्या माझ्या मुलीच्या गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, तेव्हा ती ट्यूब तिने माझ्याच फळीवरून उचलली होती हे कळले. ‘तुम्ही सगळ्यांना देता, मग मला का विचारायचं?’ असे ती म्हणाली आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्वचा पूर्ववत होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. आता मी चिठ्ठी मागतो. काही गिऱ्हाइके समोरच्या दुकानात जातात.

अभियंता, संगमनेर

माझ्या लग्नाआधी छायाचित्रकाराने प्री-वेडिंग शूटची कल्पना मांडली : धबधबा, ओली साडी, मिठ्या. होणाऱ्या नवऱ्यासोबतचा असा निवांतपणा चारशे पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायचा, हे मला रुचेना. मी नकार दिला तेव्हा मैत्रिणींनी मला काकूबाई ठरवले. ते सहन झाले. परंतु आमच्या भावकीच्या बैठकीत जेव्हा ‘अशा शूटवर बंदीच हवी, बघा ही मुलगी कशी संस्कारी’ असे म्हणून माझे उदाहरण देण्यात आले, तेव्हा मला अधिक राग आला. माझा संकोच हा माझा होता, दुसऱ्या मुलींना मारण्याची ती छडी नव्हती, हे मी काकांना तिथेच सांगितले. मग मी तिकडूनही वाईट ठरले.

बँक कर्मचारी, ठाणे

पुरुषांचेही लिहितो, थोडक्यात. एकतिसाव्या वर्षी टक्कल पडले. मोबाइलवर केसांबद्दल एकदा काही शोधले आणि पुढे कित्येक महिने केशरोपणाच्याच जाहिराती दिसत राहिल्या. कर्जाचा अर्ज भरलाही होता. दाढी करताना वडिलांचे टक्कल आरशात माझ्या शेजारी दिसले, हसू आले, आणि अर्ज तसाच राहिला.

शिक्षिका, सातारा जिल्हा

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेसाठी मी माझ्याच फोनवर मुलींच्या लेझीम पथकाचा फोटो काढला. फोनमधली चेहरा उजळवणारी सोय चालू होती, हे माझ्या लक्षात आले नाही. पत्रिका छापून आल्यावर एक आजी फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘बाई, ह्यात आमची कुठली?’ नात पहिल्याच ओळीत होती. सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा लग्नात-नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, असा नियम जाहिरातदारांच्या स्वनियमन परिषदेने २०१४ साली केला, हे मी नववीच्या वर्गात शिकवते. आणि इथे मीच बारा मुलींना पांढरे केले होते. त्या मुलींपैकी कोणीही तक्रार केली नाही, उलट दोघींनी तो फोटो मागून घेतला. ते मला अजून टोचते.

पुन्हा मी

सगळ्यांचे आभार. गेल्या महिन्यात लेकीचा बायोडाटा तयार केला. स्टुडिओतल्या मुलाने ‘थोडा उजळ करू का, काकू?’ असे विचारले, तेव्हा माझ्याआधी तिनेच ‘नको’ म्हटले. वर्णाचा रकाना आम्ही कोरा सोडला. दोन दिवसांनी वधू-वर सूचक मंडळातून फोन आला की एक माहिती राहिली आहे. मी म्हटले, ‘फोटो जोडला आहे.’ पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग त्या बाईंनी उंची विचारली.