सोळा इंची चाकं काढून पंधरा इंची हलकी घालावीत का?

तापीकाठ (धागाकर्ता)
उदाहरणाला मारुतीची बलेनो घेतो, कारण जळगाव-धुळ्यात ती गल्लोगल्ली आहे. वरच्या मॉडेलला १९५/५५ आर१६ टायर येतात, खालच्याला १८५/६५ आर१५. पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यात, शेवटचा रिम इंचात. गणित करा. १६ च्या चाकाचा एकूण व्यास ६२०.९ मिमी, १५ चा ६२१.५. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. स्पीडोमीटर, गिअर, ग्राउंड क्लिअरन्स सगळं जागच्या जागी राहतं आणि साइडवॉल १०७ वरून १२० मिमी होते. त्यात १५ चा हलका अलॉय (मिश्रधातूची रिम) घेतला तर प्रत्येक रिममागे दीड-दोन किलो सहज वाचतात. गाडी चपळ होते, खड्डा कमी लागतो, टायर स्वस्त पडतो. लोक मात्र उलटे १७ वर जातात, दिसायला भारी म्हणून. १७ ला २०५/४५ टाकला की साइडवॉल उरते ९२ मिमी. मग रिमला चीर पडली की दोष रस्त्याला.

शून्य_ते_शंभर
खड्ड्याचं मान्य. चपळ होण्याचं गणित मात्र कागदावर मांडू या. "चाकाचा एक किलो म्हणजे बॉडीचे दहा किलो" हे वाक्य सगळीकडे फिरतं, ते चूक आहे. फिरणारं वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला असलं तरी ते पिकअपमध्ये जास्तीत जास्त दुप्पट मोजलं जातं. रिमचं वजन त्याहून बरंच आत असतं, म्हणून तिथला एक किलो साधारण सव्वा-दीड किलोसारखा वागतो. रिममागे दोन किलो वाचले तर चार चाकांचे आठ, हिशोबात दहा-अकरा. दोन माणसं धरून हजार-अकराशे किलोच्या गाडीत हा एक टक्का झाला. शून्य ते शंभरला बारा सेकंद लागत असतील तर ०.१२ सेकंदाचा फरक. एवढा फरक तर मागच्या सीटवरची कापसाची गाठोडी उतरवूनही पडतो.

तापीकाठ
आकडा मान्य. पण मी चपळ म्हणालो ते फक्त शून्य ते शंभरबद्दल नाही. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन कमी झालं की लागोपाठच्या खड्ड्यांत चाक रस्ता लवकर पकडतं. चाळीसगाव बाजूच्या उखडलेल्या पट्ट्यावर हे स्टिअरिंगला समजतं.

कोंडाईबारी
ओढ पाहिजे असेल तर वजनामागे कशाला लागता भो, व्यास कमी करा. १७५/६५ आर१५ टाका. व्यास ६०८.५ मिमी, म्हणजे दोन टक्के कमी. गिअर तेवढाच छोटा झाल्यासारखा वागतो, घाटात तिसऱ्यावर गाडी दम टाकत नाही. क्लिअरन्स फक्त सहा मिमी जातो. चाकाचे दोन किलो वाचवून मिळतो त्याच्या दुप्पट फायदा, तोही फुकटात.

आटा_बारा
फुकटात नाही, भारमर्यादा देऊन. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे आकडा असतो तो वाचा. १९५/५५ आर१६ वर ८७, म्हणजे टायरमागे ५४५ किलो. १८५/६५ आर१५ वर ८८, म्हणजे ५६०. तुम्ही सांगता त्या १७५/६५ आर१५ वर साधारण ८४ येतो, म्हणजे ५००. पाच माणसं, डिकीत सामान आणि मे महिन्यात भुसावळचा ४५ अंशांचा डांबरी रस्ता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा कमी भाराचा टायर टाकू नका. बाकी कुठलाही फायदा सांगा, मी यावर हलणार नाही.

कोंडाईबारी
८४ चं मान्य. व्यासाचा मुद्दा तरी उभाच आहे.

स्टील_रिमवाला
सगळे अलॉयच धरून बसलेत. खालच्या मॉडेलची १५ ची स्टील रिम भंगार बाजारातही मिळते. वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला चीर गेली की ती फेकायची. वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला तर हात जोडून निघा, घाटात ती जागा पुन्हा उघडते.

शून्य_ते_शंभर
पण मग "हलकी" हा शब्द धाग्यातून काढा. १५ ची स्टील रिम बऱ्याचदा कंपनीच्या १६ च्या अलॉयएवढीच भरते, कधी जास्तही. इंच कमी झाला म्हणजे वजन कमी झालं असं नसतं. आधी सध्याचं चाक टायरसकट केळीच्या वखारीतल्या काट्यावर टाका, मग नवीन रिम मोजूनच पैसे द्या. टायरही मोजा. साइडवॉल उंच झाली की तिथे रबर वाढतं, रिममध्ये वाचलेलं थोडं तिकडे परत जातं.

आटा_बारा
घ्यायचंच ठरलं असेल तर ही मापं. मारुतीच्या या गाड्यांना ४×१०० (चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर), मधलं भोक ५४.१ मिमी, नटाचा आटा १२×१.२५. ह्युंदाईच्या आय२० चं ४×१०० आणि ५४.१ तेच, पण आटा १२×१.५. तिच्या सेटसोबत आलेले नट मारुतीला तसेच लावले तर दोन आटे चढतात आणि अडकतात. पोरगा एअरगनने रेटतो, आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) गेला. नट हाताने सहा-सात आटे फिरला पाहिजे, मगच पाना.

बाजारातल्या रिमचं मधलं भोक मोठं असतं. तिथे फट भरणारी हब रिंग लागते, नाहीतर रिम नटांवर लटकते आणि ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही करा, जात नाही. ईटी (रिम किती आत-बाहेर बसते त्याचा आकडा) मूळ आकड्याच्या पाचएक मिमीच्या आत ठेवा. रिमवर आयएसआय खूण नसेल तर घेऊ नका.

ब्रेक कॅलिपरसाठी सोपी युक्ती: कणकेच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या कॅलिपरच्या बाहेरच्या कडेवर दोन-तीन जागी चिकटवा, चाक बसवून हाताने हळू फिरवा, काढून बघा. चपटी झालेली गोळी ३ मिमीपेक्षा पातळ असेल तर ती रिम परत करा. तापलेल्या ब्रेकला आणि अडकलेल्या खड्याला जागा लागते. १५ वरून १४ वर जाणाऱ्यांचं गाडं इथेच अडतं.

शेवटी टॉर्क रेंच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, चांदणीसारखे समोरासमोरचे नट. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

स्टील_रिमवाला
त्या थरथरीत काळ्या मातीचंही बघा. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलं की रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटून वाळतो. एकाच बाजूला मूठभर ढेकूळ बसलं की हायवेला गाडी नाचते. आधी आतून पाणी मारा, मग बॅलन्सिंगवाल्याकडे जा. अलॉयला बॅलन्सिंगसाठी चिकटवलेली वजनं मात्र त्याच पाण्याच्या माऱ्यात उडतात.

वाघूर_पूल
मायलेजचं कोणीच बोललं नाही. धुळे ते भुसावळ ८० ने एकसारखी गाडी चालवली तर चाकाचं वजन जवळपास मोजलंच जात नाही. ते मोजलं जातं थांबा-निघा करताना. हायवेला टायरचं रबर आणि हवा ठरवते. उंच साइडवॉलचा टायर कमी हवेत जास्त लवतो, जास्त तापतो. हवा सकाळी थंड टायरला तपासा. दुपारी तापलेल्या टायरला दाखवलेला आकडा दोन-चार पीएसआयने फुगलेला असतो आणि लोक तो बघून हवा सोडतात. आणि स्टिकरवर नसलेलं माप घातलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरबदलांचं) आणि विमा दोन्ही आडवे येऊ शकतात. खालच्या मॉडेलचं माप घ्या, वाद राहत नाही.

कोंडाईबारी
आणि कोपऱ्यावर गाडी लोळते त्याचं काय? १९५/५५ चं वळणावरचं बसणं १८५/६५ ला नाही. कन्नड घाटात हे पहिल्याच वळणाला कळतं.

तापीकाठ
लोळते थोडी, खरं आहे. साडेपाच इंची रिमऐवजी सहा इंची घेतली तर साइडवॉल ताणून बसते आणि लोळणं थोडं कमी होतं. १८५/६५ आर१५ ला सहा इंच चालते. बाकी पिकअपचा दावा मी मागे घेतो. १५ ठेवतो, ते साइडवॉलसाठी. स्टेपनी कोणत्या मापाची आहे ते मात्र डिकी उघडून बघा. १५ ची स्टील निघाली तर चार टायर नव्या रिमवर चढवताना पाचवा विकत घ्यायची गरज नाही, फक्त तिचे नट वेगळे लागतात का ते आत्ताच तपासा, रात्री पाळधीजवळ पंक्चर झाल्यावर नको.